नऊ अळणी दिवस

पाण्यात उतरायला दहा मिनिटं उरली होती आणि सुवर्णा शिंत्रेला घरी जायचं होतं.

वेंगुर्ल्याच्या वाळूवर सहाशे माणसं रबरी टोप्या घालून हात फिरवत होती, उड्या मारत होती, दात काढून फोटो काढत होती. समुद्र काहीच करत नव्हता. नुसता हलत होता. तेवढंच पुरेसं होतं. सुवर्णा सत्तेचाळीस वर्षांची, गडहिंग्लजला पिठाची गिरणी चालवणारी, तीस किलोचं पोतं एकटी उचलणारी बाई. पण असं हलणारं पाणी बघितलं की ती आठ वर्षांची व्हायची आणि हिरण्यकेशीच्या डोहात पायाखालची वाळू परत निसटायची. तेव्हा कुणीतरी वेणीला धरून वर ओढलं होतं. आज वेणी टोपीच्या आत होती.

"अहो, माझ्याकडं बघा की जरा. त्या फोनात काय हाय?"

"तू हाईस," रणजित म्हणाला. तो तिचा नवरा. फोनवर एक हिरवा ठिपका होता, तो त्यानं तिला दाखवला. "हिरवी हाईस. एकदम टकाटक."

"टकाटक? माझं पाय बघा. लटलटतायत."

"मशीन न्हाई म्हणतंय."

तो फोन समुद्रात भिरकावून द्यावा असं तिला वाटलं. पण भोंगा झाला, सहाशे माणसं ओरडत धावली, आणि त्यांच्या लोंढ्यात तीही गेली. मनगटातल्या दोन काचेच्या बांगड्या खळ्ळ वाजल्या. बाकीच्या तिनं घरी काढून ठेवल्या होत्या. दोन ठेवल्या होत्या, असू देत म्हणून.

दोन किलोमीटर समुद्र, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळणं. एकामागं एक, मध्ये बसायचं नाही.

मशीनचं नाव होतं 'राखण'. कानामागं चिकटवायचं एक बटण आणि डाव्या दंडावर लावायची एक पट्टी. कंपनीचा अन्वय नावाचा पुण्याचा पोरगा गिरणीत येऊन, पिठानं भुवया पांढऱ्या करून घेत, सगळं समजावून गेला होता. माणूस दमतो तेव्हा त्याचे पाय संपलेले नसतात, तो म्हणाला. मेंदू घाबरलेला असतो. अंगात अजून बरंच शिल्लक असतानाच तो थकवा पाठवतो, मळमळ पाठवतो, डोकं दुखवतो, म्हणजे माणूस थांबावा.

"मोटार जळायच्या आधी ट्रिप होती, तसं," सुवर्णा म्हणाली.

"अगदी तसंच, ताई! आपलं बटण बारीक करंट देऊन त्या ट्रिपच्या स्विचला सांगतं, तू गप्प बस, लक्ष मी ठेवतो."

"आणि तुझंच लक्ष नसलं तर?"

अन्वय हसला. "मशीनला दुसरं काय काम आहे ताई?"

लक्ष ठेवायचं काम दंडावरच्या पट्टीचं. ठोके किती, अंग किती तापलं, घाम किती गेला, हे ती मोजायची आणि गेलेलं पाणी भरून काढायला कानात सांगायची. वाटेतल्या दर टेबलावर तुमच्या नावाची बाटली तुमच्या मापानं भरून तयार. पूर्वी अशा स्पर्धांत हौशी माणसं उन्हानं पडायची. राखण आल्यापासून पडायची थांबली होती, म्हणून आता सगळीकडं सक्तीच होती. लावली नाही तर उतरू देत नव्हते. मध्ये काढली तर बाद.

भीतीवर मात्र त्या बटणाचा इलाज नव्हता. ते अन्वयनं जाता जाता, बारीक आवाजात सांगितलं होतं.

रणजितची अट एकच होती. "राखण लावून जात असशील तर जा." तीन वर्षांपूर्वी गिरणीतच, बाजरीच्या पोत्यावर, तो छाती धरून कोसळला होता. तेव्हापासून तो प्रत्येक गोष्टीला भ्यायचा. जिना, लिफ्ट, पावणेदोनशे रक्तदाब असलेला शेजारी. आणि सुवर्णा भ्यायची त्याच्यापायी. झोपेत त्याचा श्वास चाललाय का, हे कान लावून ऐकत बसायची. पहाटे उठून पळायला लागली ती त्यातूनच. पळताना तेवढी भीती मागं राहायची. नंतर पळणं वाढलं, सायकल आली, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ती गावच्या तलावात पोरांच्या हसण्याकडं दुर्लक्ष करून पोहायला शिकली. समुद्र मात्र तलाव नव्हता. हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं जे केलं ते केलं, आणि कुणाला सांगितलं नाही.

पहिले तीनशे मीटर ती फक्त ओरडायची राहिली होती. लाट तोंडावर आली, नाकात खारं पाणी गेलं, कुणाचा तरी पाय कानशिलावर बसला. खाली हिरवा अंधार. डोह. ती उलटी झाली, आकाशाकडं बघत पडून राहिली, आणि मनात म्हणाली, आई, मी माझं केलंय, आता तू तुझं कर.

मग हात चालायला लागले. आणि गंमत म्हणजे ते दमेनातच. एक पिवळा फुगा, दुसरा, तिसरा. खांदे भरून आले नाहीत, दम लागला नाही. वाळूवर पाय टेकले तेव्हा ती रडत होती.

"छान, सुवर्णाताई," कानात आवाज आला. "आता दोनशे मिली प्या."

ती प्यायली.

सायकलवर चार तास गेले. नोव्हेंबरचं ऊन किनाऱ्याच्या रस्त्यावर भाजत होतं. चढ आले, उतार आले, मांड्या यंत्रासारख्या फिरत राहिल्या. शेजारून जाणारा एक बँकेतला साहेब म्हणाला, "काय वहिनी, भारी चाललंय!" आणि तिला काहीतरी खुपलं. भारी चाललं होतं, हेच. पासष्ट किलोमीटरला माणूस रडकुंडीला येतो. सरावात ती आलेली होती, गवशाच्या चढावर बसून शिव्या दिल्या होत्या. इथं काहीच नाही. आपलं अंग पुढं चाललंय आणि आपण मागून बघतोय. हिरडीत सुई देऊन दाढ काढतात, तशी ती सगळीच्या सगळी बधिर होती.

"तीनशे मिली प्या," आवाज म्हणाला.

पोटात पाणी डुचमळत होतं. तरी ती प्यायली. मशीनला कळतं, आपल्याला काय कळतं?

पळायचा रस्ता जाऊन-येऊन होता. सहाव्या किलोमीटरला आणि पंधराव्या किलोमीटरला एकच टेबल लागायचं, सुरूच्या बनाजवळ. तिथं रणजित उभा होता, फोन छातीशी धरून. घामानं शर्ट चिकटलेला, पण वरच्या खिशाचं बटण घट्ट लावलेलं. ही खिशाला बटण लावायची सवय त्याला दवाखान्यातून आल्यापासून लागली होती. तंबाखू असणार. स्पर्धा झाली की झडती घ्यायची, असं सुवर्णानं ठरवून ठेवलं होतं.

"पळ, पळ! हिरवी हाईस!" तो ओरडला.

तिनं बाटली घेतली आणि पळाली. बांगड्या वाजत होत्या. खळ, खळ, पावलागणिक. गिरणीत पट्ट्याचा आवाज कानात असतो तसा तो आवाज सकाळपासून तिच्या कानात होता. आवाज आहे तोवर काम चालू आहे.

तेराव्या किलोमीटरला तिला कळलं की आवाज बंद झालाय.

कधीपासून, ते आठवेना. पाय पडत होते, हात हलत होता, बांगड्या गप्प. तिनं मनगट समोर धरलं. दोन्ही बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना कातडी फुगून वर आली होती, आणि बोटं लग्नातल्या केळ्यांसारखी जाड. तिनं बांगडी फिरवून बघितली. फिरेना. ज्या बांगड्या सकाळी कोपरापर्यंत सरकत होत्या त्या.

"सगळं छान आहे, सुवर्णाताई. अडीचशे मिली प्या."

तिला दम लागला नव्हता. कुठं दुखत नव्हतं. आणि तरी भीती आली, समुद्रात आली होती त्यापेक्षा मोठी. गिरणीतलं पीठ गरम यायला लागलं तर जात्याचे दगड जास्त आवळलेत हे मीटर बघून कळत नाही, हात घातला की कळतं. काहीतरी आवळलं होतं.

डोकं चालतंय का बघू म्हणून तिनं छातीवरचा स्वतःचा नंबर वाचला. चारशे बारा. पण सकाळी लावलेला तर दोनशे चौदा होता. परत वाचला. परत चारशे बारा आला. मुलीचं नाव आठवायला तिला सहा पावलं लागली. सहा. तिनं मोजली.

"थांब," ती स्वतःला म्हणाली. पाय थांबेनात. कुणी सांगतच नव्हतं त्यांना थांबायला.

तेवढ्यात तिला दंड दिसला. पट्टीच्या खाली, कोपरापर्यंत, पांढरा थर. वाळलेला. गिरणीत दिवसभर हातावर बसतं तसं पीठच जणू. सवयीनं तिनं ते चिमटीत धरून अंगठ्यानं चोळलं. पीठ नव्हतं. कणी होती, रव्यासारखी टोचरी. जिभेवर टेकवली.

मीठ.

समुद्राचं केव्हाच घामानं धुऊन गेलं होतं; हे घामाचं, चिमूटभर, एका दंडावर. मांडीवर होतं. गालावर होतं. पाच-सहा तास अंगातून मीठ वाहत होतं, आणि बाटलीतलं पाणी? गोडसर. नुसतं गोडसर. सकाळपासून एकाही घोटाला खारट चव नव्हती.

कारण अन्वय म्हणाला होता, "ताई, तुम्ही नशीबवान. तुमच्या घामात मीठ जवळपास नाहीच. तुम्हाला साधं पाणी पुरेल."

त्याला ते कळलं होतं 'ओळखी'त. राखण लावायच्या आधी नऊ दिवस मशीन माणसाची ओळख करून घेतं. त्यात घामातलं मीठ मोजायची एक वेगळी डबी असते. महागडी, म्हणून नऊ दिवसांनी कंपनी ती परत नेते. पुढं पट्टी फक्त घाम किती गेला ते मोजते. मीठ किती, ते ओळखीतलंच धरते. अन्वयला ओळख आधीच्या गुरुवारी सुरू करायची होती. सुवर्णानंच सांगितलं, "एवढं चांगलं काम, घटस्थापनेला लावूया." घट बसले त्या सकाळी डबी लावली. दसऱ्याला काढली.

आणि त्याच नऊ दिवसांचा तिचा देवीला नवस होता. समुद्रातनं मला नीट बाहेर काढ, मी नऊ दिवस मीठ सोडते. अन्वयनं यादी वाचली होती: काही आजार? औषध? खाण्यात बदल? "न्हाई," ती म्हणाली होती. नवस म्हणजे काय खाण्यातला बदल? आणि नवस बोलून दाखवायचा नसतो.

घरात कुणाला पत्ताही लागला नाही. रणजितला डॉक्टरांनी मीठ तोडायला लावल्यापासून घरात दोन भांडी शिजायची. त्याचं अळणी, बाकीच्यांचं नेहमीचं. नऊ दिवस ती त्याच्या भांड्यातलं जेवली. एरवी सुवर्णा म्हणजे ताकातही मीठ दोनदा घालणारी बाई.

पंधराव्या किलोमीटरचं टेबल दिसलं तेव्हा सुरूची झाडं डावीकडं कललेली होती. झाडं कललेली नव्हती.

"अगं, मस्त टायमिंग!" रणजित नाचतच आडवा आला, तेव्हा कुठं पाय थांबले. टेबलावरच्या निळ्या टोपीतल्या पोरीनं बाटली पुढं केली. "ताई, तुमचे चारशे मिली."

"नको," सुवर्णा म्हणाली. जीभ जाड झाली होती. "पानी नको."

"प्या ताई, ऊन आहे. मशीन सांगतंय."

"मला काय तरी हुतंय, अहो."

रणजितनं फोन बघितला. "हिरवा हाय. हे बघ. ठोकं बरोबर, ताप न्हाई. तू भ्यालीस नुसती. पी, पी म्हणतो नव्हं." त्यानं बाटली घेऊन तिच्या ओठांना लावली.  तो तिला वाचवत होता. तीन वर्षांत त्याला जे जे सांगितलं ते ते त्यानं पाळलं होतं, म्हणून तो जिवंत होता. आता मशीन सांगत होतं.

पाणी हनुवटीवरून ओघळलं. तिला कळलं की आता बोलून उपयोग नाही. आपण बोलू ते भीतीच्या खात्यात जाणार. सहा किलोमीटर राहिले होते. पाय तयार होते. पाय पळतच पडले असते.

तिनं कानामागं हात घातला आणि बटण उपटलं.

"ताई! बाद व्हाल!" निळी टोपी किंचाळली.

आणि मग सगळं आलं. सकाळपासून दाराबाहेर अडवून ठेवलेलं सगळं एकदम आत शिरलं. डोकं आतून कुणी पहार घालावी तसं फुटायला लागलं. मांड्यांत गोळे. ती गुडघ्यावर पडली आणि वाळूत भडाभडा ओकली. पाणी, पाणी, नुसतं पाणी. त्या सगळ्यात रणजितच्या हातातला फोन दंडावरच्या पट्टीचं ऐकून गोड आवाजात म्हणाला, "प्रकृती उत्तम."

रणजितचा चेहरा पिठासारखा झाला. एकदा फोनकडं, एकदा तिच्याकडं. "सुवर्णे, खरं काय धरू मी? सांग की! काय धरू?"

पोरगी वायरलेसवर बोलत होती. पलीकडून उत्तर आलं, गाडी निघाली, वीस मिनिटं, रीडिंग नॉर्मल आहे तोवर पाणी पाजत राहा.

वीस मिनिटं. परत पाणी. सुवर्णानं मनगट त्याच्यापुढं धरलं. "बांगडी... फिरवा."

त्यानं फिरवून बघितली. परत बघितली.

"नवरात्रात..." एकेक शब्द ती वाळूतून उपसल्यासारखा काढत होती. "तुमच्या भांड्यातलं... अळणी... नऊ दिवस. तवाच त्यांनी... मीठ मोजलं."

"ते तू माझ्यासंगं जेवत हुतीस." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मला वाटलं, माझ्यासाठी. एकट्यानं अळणी खातोय म्हणून."

"नवस हुता. समुद्राचा."

 त्याला लागलं, ते तिला तसल्या अवस्थेतही दिसलं. मग त्याच्या डोळ्यांत दुसरंच काहीतरी आलं. तिच्या ओळखीचं. वीस वर्षं गिरणीच्या काट्याशी बसलेल्या माणसाचं.

"म्हंजे काटा डब्यासकट शून्य केलाय," तो हळूच म्हणाला. "पहिल्यापासनं. पुढची सगळी वजनं चुकलीत."

निळ्या टोपीनं बाटली परत पुढं केली. "काका, लवकर पाजा—"

"ए पोरी!" रणजित एवढ्यानं ओरडला की झाडावरचे बगळे उडाले. ज्याला ओरडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तो. "लांब कर ते पाणी! आणि त्यास्नी सांग, हिच्या अंगात पाणी झालंय आणि मीठ संपलंय. मीठ हाय का हितं? मीठ!"

"मीठ नाही काका. जेल आहे. गोड."

"अख्ख्या शर्यतीत चिमूटभर मीठ न्हाई? समोर समुद्र हाय आणि मीठ न्हाई?"

तो उभाच्या उभा थांबला. तिच्याकडं बघितलं. मग फोन वाळूत टाकला, आणि वरच्या खिशाचं बटण सोडायला लागला. बटण निघेना. सुवर्णा डोक्यातल्या पहारीच्या आडून बघत होती. तंबाखू, तिच्या मनात आलं. एवढ्यात ह्याला तंबाखू सुचली.

खिशातून कागदाची पुडी निघाली. वर्तमानपत्राच्या तुकड्याची, घामानं ओली. त्यानं ती उलगडली.

पांढरं. खडेमीठ.

तो तिच्याकडं बघेना. चोरी धरल्यासारखा खाली बघत त्यानं बोट ओलं केलं, पुडीत बुडवलं आणि तिच्या जिभेवर ठेवलं. परत. मग टेबलावरचं लिंबू दातानं फोडून थोडं त्यावर पिळलं.

"गीळ. पाणी मागू नगंस. गीळ."

ते इतकं खारट होतं की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं गिळलं. परत तोंड उघडलं.

"कवापासनं?" ती म्हणाली.

"दवाखान्यातनं आलो त्या आठवड्यापासनं." तो अजून खालीच बघत होता. "रोज न्हाई. आमटीत. तू ताक आणायला उठलीस की."

तिला त्याला खूप बोलायचं होतं. तीन वर्षं दोन भांडी घासली होती तिनं. जीभ अजून जाड होती, म्हणून तिनं फक्त त्याचं मनगट धरलं आणि त्याची नाडी चाचपली. चालू होती. फार जोरात, पण चालू.

गाडी आली. गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी बोटातून रक्त घेतलं, छोट्या यंत्रात घातलं, आणि त्यांचा आवाज बदलला. मग पाण्याचं नावही कुणी काढलं नाही. जास्त मिठाच्या सलाइनची सुई लागली. "मेंदूला सूज येत होती," त्या रणजितला म्हणाल्या. "अजून दोन बाटल्या प्यायल्या असत्या तर पळता पळताच झटका आला असता. कुणाच्या लक्षात आलं हे?"

रणजितनं सुवर्णाकडं बोट दाखवलं. सुवर्णानं बांगड्यांकडं.

दार लावताना निळ्या टोपीतली पोरगी फोन घेऊन धावत आली. वाळूनं भरलेला. ठिपका अजून हिरवाच होता. "सहाशे लोक लावून आहेत हे," ती म्हणाली. तिच्या हातात पुढच्या माणसाची बाटली होती आणि ती द्यावी की नाही, हे तिला कळत नव्हतं.

"चाटायला लाव," सुवर्णा पडल्या पडल्या म्हणाली. "येईल त्याला आपला दंड चाट म्हणावं आणि मग बाटली चाखून बघ म्हणावं."

दार लागलं. गाडी हलली. डोकं अजून फुटत होतं, मांड्या ओरडत होत्या, भीती जागची हलली नव्हती. सगळं दुखणं जाग्यावर होतं, आणि ते तिनं एकेक करून मोजलं; एकही कमी पडू नये म्हणून.

रणजितनं पुडी घडी करून परत खिशात घालायला घेतली. तिनं सुई लावलेला हात वर करून ती त्याच्या बोटांतून काढली आणि मुठीत दाबून धरली.

"ही माझ्याजवळ राहू दे."

"आणि मी?"

"तुम्ही अळणी," सुवर्णा म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "मी बी बसीन संगं. ह्या बारीला तुमच्यासाठी."